चमेलीबाईंचा आवाज गेला कुठे?

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या दिवशी, ऐन दुपारी, उदेलाल पटले यांनी घराची सगळी दारं-खिडक्या आतून लावून घेतली. भिंतीला लागूनच मंडईचा पेंडाल, चौकात आकाशपाळणा, जिलेबीच्या कढया, माणसांचा हा पूर! आणि घरात मात्र टेबलावर लॅपटॉप, त्यापुढे बायको चमेली, मुलगी रविता आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मंडईला आलेले जवाई टिकेश अशी तिघं ओळीनं बसवलेली. लॅपटॉप सकाळभर मंडई कमिटीचा अध्यक्ष ओमेश यानं गाणी वाजवायला नेला होता, तो आत्ताच परत आला होता. आज त्यातून चमेलीबाईंचा आवाज निघणार होता.

त्याचं असं झालं. उदेलाल गोंदियात कॉम्प्युटर क्लास चालवत, तेव्हा डॉसच्या जमान्यात त्यांनी स्वतः एक खेळ लिहिला. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, पोपट उतरतात, स्पेसबार दाबून ते हाकलायचे. आता नुसत्या टींटींनं पोपट उडतात होय? म्हणून डबा घेऊन आलेल्या बायकोला त्यांनी माईकपुढे उभं केलं. नवी नवरी, पण लहानपण पाखरं राखण्यात गेलेलं. अशी गरजली, की शेजारचा पानठेलेवाला धावत आला! आवाज खेळात भरला, पण तिला ऐकवायच्या आतच वीज कडाडली, साउंड कार्ड जळालं आणि खेळ मुका झाला तो झालाच.

"माहा आवाज खाऊन बसला तुमचा कॉम्प्युटरचा डब्बा," चमेलीबाई दर दिवाळीला म्हणायच्या, तेही भर पाहुण्यांत. राग नव्हता हो, पण आपला आवाज एकदा तरी ऐकावा असं त्यांना फार वाटायचं. उदेलालना ते ठाऊक होतं आणि तेच त्यांना सलत होतं.

टिकेशनं लॅपटॉपवर जुन्या डॉसचं सोंग घेणारा एक प्रोग्राम बसवला होता. खेळ सुरू झाला. पोपट आले, उडाले. आवाजाचा पत्ता नाही.

"मामाजी, गेम पुरानी आहे. आवाज नाही निघत अशात."

"काऊन नाही निघत? आयआरक्यू किती ठेवला?"

"सात."

"अजी, पाच पाहिजे जवाईबापू! पोर्ट दोनशे वीस, आयआरक्यू पाच, डीएमए एक! त्या नंबरावर माहा खेळ कार्डाले हाक मारते. सातवर कोण बसलं हाय आयकाले?"

हे आकडे उदेलालना लेकीच्या जन्मतारखेपेक्षा पक्के पाठ होते. टिकेशनं मुकाट्यानं साताचा पाच केला. उदेलालनी ऐटीत स्पेसबार दाबला. शांतता! टिकेशनं व्हॉल्यूम शंभरावर नेला. तरी शांतता.

"राहू द्या जी," चमेलीबाई म्हणाल्या. "गेला तो गेला."

ते ऐकून उदेलालचं पित्त खवळलं. जवायासमोर नाक कापलं गेलं ते वेगळंच. ते स्पेसबारवर दणादण बोट आपटत सुटले. बाहेर एकाएकी कसलासा गलका झाला, हशा उसळला, शिट्ट्या वाजल्या.

"काय कल्ला करून राहिले लेकाचे! रविता, दाराच्या फटीत चादर कोंब वो. इथं कान देऊन आयका लागते!"

चादर कोंबली. पुन्हा दणादण बोट. बाहेर पुन्हा हशा. तेवढ्यात दारावर धडाधड थापा पडल्या. रवितानं दार उघडलं तर ओमेश, घामाघूम.

"काकाजी, सभापती केशोरावजी भाषण देऊन राहिले, अन् आमचा साउंडबॉक्स त्यायलेच हाकलून राहिला!"

उघड्या दारातून केशोरावांचा स्वर आला, "या गावासाठी मी काय नाही केलं?"

उदेलालचं बोट सवयीनं स्पेसबारवर पडलं आणि अख्खा चौक दणाणला:

"हाऽऽट्! फुकटचं खाऊन राहिले मेले! बापाचा धान होय का?"

टिकेशनं जीभ चावली. "ब्लूटूथ, मामाजी! सकाळपासून त्याच बॉक्सला जुडलेलं आहे!" तो बंद करायला धावला, तोच चमेलीबाईंनी त्याचा हात धरला.

"थांबा जवाईबापू." त्या उंबऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. डोळे भरून आले होते. "हा... माहा आवाज होय?"

"तुहाच!" उदेलालची छाती कुडत्यात मावेना. "आयआरक्यू पाच! सांगतलं होतं का नाही?"

"काकू, तुमी तरी सांगा जी काकाजीले," ओमेशनं हात जोडले. "केशोरावजी अजून अर्धा घंटा बोलणार हायेत."

"अर्धा घंटा?" चमेलीबाईंनी डोळे पुसले आणि लॅपटॉपपाशी आल्या. "कोणतं बटन होय जी?"

उदेलालनी मोठ्या मानानं स्पेसबार दाखवला. चमेलीबाईंनी तो दाबला, चांगला दोनदा. चौकात टाळ्यांचा कडकडाट झाला आणि केशोरावांनी एका दमात जय हिंद, जय महाराष्ट्र म्हणून टाकलं.

"बम जोरात गरजत होती जी मी," चमेलीबाई लाजून म्हणाल्या.

"होती कायची?" उदेलाल म्हणाले. "अजून तेच तर आयकून राहिलो."