बसला तो संमत

लोकशाहीचा सगळा भार शेवटी माणसाच्या गुडघ्यांवर येतो. हे तत्त्व थोरामोठ्यांच्या ग्रंथांत सापडत नाही, कारण ग्रंथ बसून लिहिले जातात.

त्या गावच्या नगरसभेला मात्र ते पहिल्यापासून मान्य होते. ठराव मांडला की ज्याचा विरोध असेल त्याने उभे राहायचे. बसला तो संमत. एक जण जरी उभा असला तरी ठराव पुढे सरकायचा नाही. पद्धत जुनी आणि अनुभवाने सिद्ध झालेली होती. पूर्वीच्या सभासदांची वये आणि पोटे पाहता विरोध फार वेळ टिकत नसे, आणि दुपारच्या जेवणानंतर तर गावाची प्रगती विलक्षण वेगाने होई.

मग ती निवडणूक आली आणि गाव कलिंगडासारखे मधोमध चिरले. भाऊ भावाशी बोलेना. न्हाव्याकडचे एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवरून तत्त्वासाठी उठून गेले (उरलेली अर्धी करायला विरोधी विचाराच्या न्हाव्याने तत्त्वासाठीच नकार दिला). सत्ताधारी एका जागेने जिंकले, ती जागा एका मताने, आणि ते मत कुणाचे याची चौकशी अजून चालू आहे.

नगराध्यक्ष झाले बाजारातले चष्मेवाले. गृहस्थ मऊ. उभ्या आयुष्यात त्यांनी लोकांना एकच प्रश्न विचारला होता, "आता बरं दिसतंय का?" आणि उत्तर नकारार्थी आले की ते काच बदलत. राज्यकारभारही असाच चालत असावा, अशी त्यांची समजूत होती.

त्यांनी पहिलाच ठराव मांडला तो नगरसभेच्या इस्पितळातली लिफ्ट दुरुस्त करण्याचा. यात थोडा स्वार्थ होता. त्यांच्या सासूबाई तिसऱ्या मजल्यावर होत्या. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना लिफ्टने वर नेले आणि लिफ्टने तिथेच मान टाकली. जिना चढायचा-उतरायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकत होते.

लिफ्टला कुणाचाच विरोध नव्हता, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. विरोधी पक्षनेते, म्हणजे कोपऱ्यावरचे बेकरीवाले, यांची सख्खी मावशी सासूबाईंच्या शेजारच्याच खाटेवर होती.

"लिफ्ट सुरू व्हायलाच पाहिजे," बेकरीवाले उभे राहून म्हणाले. "आमचा विरोध तुम्ही ती सुरू करण्याला आहे."

त्यांचा पक्ष त्यांच्या मागे उभा राहिला. ते उभे आणि आपण बसलेले, हे फोटोत बरे दिसत नाही, म्हणून सत्ताधारीही उभे राहिले. आपण स्वतःच्याच ठरावाला विरोध करतो आहोत, हे त्यांच्या लक्षात आले तेव्हा उशीर झाला होता. आता आधी बसेल तो हरला.

आठवडे गेले. सभासद उभ्याने जेवू लागले, उभ्याने भांडू लागले, आणि टांग्याच्या घोड्यासारखे उभ्याने झोपूही लागले. आरोग्य तपासणीत एकोणीस पोटऱ्या सुजलेल्या आढळल्या: नऊ सत्ताधारी, नऊ विरोधी आणि एक अपक्ष. खुर्च्यांवर धूळ चढली. अध्यक्षांच्या खुर्चीत मांजर व्याली. एवढ्या काळात त्या सभागृहात काही निष्पन्न झाले असेल तर तेवढेच.

नगराध्यक्ष रोज डबा घेऊन तीन मजले चढत.

"आलात, जावईबापू? आणि लिफ्ट?" सासूबाई पत्त्यांतून डोके वर न काढता विचारत.

"चर्चा चालू आहे, आई."

"मेली कसली चर्चा! अहो, या मावशीसमोर रोज रमी हरते मी. माझ्याकडं आता हरायलासुद्धा काही उरलं नाही."

"आमचा गट्टू लहानपणी एका जागी बसायचाच नाही," शेजारच्या खाटेवरून बेकरीवाल्यांची मावशी म्हणाली. "तेव्हाच चांगला धरून बसवायला हवा होता."

सासूबाईंनी पत्ते खाली ठेवले. त्या गावच्या प्राथमिक शाळेत जन्मभर मुख्याध्यापिका होत्या. "सभेत आहेत ती सगळी कार्टी माझ्या हाताखालून गेलीत. माझ्यासमोर कोण उभं राहतं तेच बघते. मला खाली न्या."

"आई, पण जिना..."

"खुर्चीत घालून न्या."

"खुर्ची कुठून आणू?"

"सभागृहभर रिकाम्या पडल्यात ना? जावई कुठले शोधले आम्ही!"

दुसऱ्या दिवशी नगराध्यक्षांनी मांजरीची समजूत घालून स्वतःची खुर्ची चार हमालांबरोबर इस्पितळात धाडली. सासूबाई येतील, दरडावतील, सगळे बसतील आणि लिफ्टचा ठराव मंजूर होईल. राजकारणातला हा त्यांचा पहिलाच डाव होता.

हमाल दुसऱ्या मजल्यावर सासूबाईंना टेकवून चहाला गेले.

तेवढ्या वेळात बेकरीवाल्यांनी संधी साधून नवा ठराव मांडला: सभागृहातल्या खुर्च्या कुणी वापरत नाही, सबब त्या मोडीत काढाव्यात. सत्ताधाऱ्यांनी विरोध म्हणून उभेच राहायचे ठरवले (दुसरी सोयही नव्हती). विरोधकही सवयीने उभे राहिले.

आणि दार उघडले. चार हमालांच्या खांद्यांवरून सासूबाई आत आल्या.

"बसा!"

अख्खे सभागृह धपकन खाली बसले. बेकरीवाल्यांनी तर हाताची घडी घालून तोंडावर बोटही ठेवले. नगराध्यक्षांना खुर्ची नव्हती, ते फरशीवरच बसले. त्यांचा चष्मा ओला झाला. किती दिवसांनी गाव एका पातळीवर आले होते!

"ठराव एकमताने मंजूर," सचिव म्हणाले.

"लिफ्टचा ना?" नगराध्यक्षांनी चष्मा पुसत विचारले.

"खुर्च्यांचा, साहेब. समोर तोच होता."

संध्याकाळपर्यंत खुर्च्या गेल्या. अध्यक्षांची तेवढी शेवटी गेली, कारण सासूबाईंचा दुसरा गुडघा अजून व्हायचा होता आणि त्यांना परत वर पोचवायचे होते.

आता पेच पडला. खुर्ची नाही म्हणजे बसणे नाही (फरशीवरचे बसणे नियमात बसत नव्हते; त्या दिवशी अध्यक्षांचे तेवढे चालवून घेतले होते), बसणे नाही म्हणजे संमती नाही. सचिवांनी चार जुनी पुस्तके चाळून तोड काढली. सभासद हे जनतेचे प्रतिनिधी. त्यांना बसता येत नसेल, तर ज्यांचे ते प्रतिनिधित्व करतात त्यांचे बसणे ग्राह्य धरावे. त्या दिवसापासून सचिव ठराव वाचतात, दुर्बीण घेऊन गच्चीवर जातात आणि गावावर नजर फिरवतात. गाव घरोघर निवांत बसलेले असते. ठराव एकमताने मंजूर.

कारभाराला असा वेग कधी आला नव्हता. दोन्ही पक्षांचे सगळे ठराव मंजूर होतात. कर वाढला आणि रद्द झाला. पुलाचे उद्घाटन झाले आणि पूल बांधू नये असेही ठरले. लिफ्ट सुरू करण्याचा सत्ताधाऱ्यांचा ठराव मंजूर झाला, तिला सील ठोकण्याचा विरोधकांचाही झाला. प्रशासनाने दोन्हींची चोख अंमलबजावणी केली.

"येते हो अगदी वेळेवर," सासूबाई पत्ते पिसत म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्यावर थांबते, जरा धापा टाकते आणि खाली जाते. दार तेवढं उघडत नाही."

"पण आई, विरोध कुणाचाच नव्हता," नगराध्यक्ष म्हणाले आणि डब्याचे झाकण लावून जिना उतरू लागले.

सचिवांची दुर्बीण चांगली आहे. तिची भिंगे नगराध्यक्षांनीच जातीने बसवून दिली आहेत आणि त्यांतून फार लांबचे दिसते. हे आपण बसून वाचत आहात, तेही दिसले. आपली संमती नोंदवून घेतली आहे. ठराव कुठला होता, हे विचारायचे असल्यास मात्र उठावे लागेल.