बेनेदेकचे खांदे

रविवारच्या सूपात स्वतःचं डोकं पडलेलं पाहण्याची वेळ बेनेदेकवर आली, ती केवळ स्वच्छतेच्या हौसेपायी.

हंगेरीतल्या एगेर गावच्या पोहण्याच्या तलावावर त्या दुपारी जुन्या खेळाडूंच्या तसबिरी लागायच्या होत्या. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला निघण्याआधी काढलेला वॉटरपोलो संघाचा फोटो बेनेदेकच्याच भिंतीवर होता. पोहायच्या चड्ड्यांतले गडी ओळीने उभे आणि टोकाला बेनेदेक. कपाटाएवढे खांदे, भरदार छाती! बायको पिरोश्का चर्चला गेली होती, म्हणून बेनेदेकने काच पुसायला घेतली. फोटो चौकटीतून काढून शेगडीवरच्या फळीला टेकवला. खाली कोंबडीचं सूप रटरटत होतं. कागदाला वाफ लागली, आणि बेनेदेकचं डोकं सुटून अलगद पातेल्यात उतरलं.

त्याच्या जागी गेझा मिशांतून हसत होता. गेझा म्हणजे तलावाच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा.

झालं होतं असं, की फोटोच्या दिवशी बेनेदेक गालफुगीने अंथरुणात होता. ओळीत खिंडार नको म्हणून गेझाला चड्डी चढवून उभं केलं आणि स्टुडिओत त्याच्या धडावर बेनेदेकचं डोकं चिकटवलं. खरा बेनेदेक गोलरक्षक. हात लांबलचक, बाकी सगळा काडीपैलवान. पण पिरोश्का लग्नानंतर म्हणाली होती, "स्टुडिओच्या काचेत तुझा फोटो होता ना, तेव्हाच ठरवलं मी." झालं, खरं सांगायचं राहूनच गेलं. तेव्हापासून बायको समोर आली की छाती पुढे, पोट आत. खांदे दुसऱ्याचे आहेत हे कळलं, तर ती आपल्याकडे पुन्हा तशी पाहील का, ही धास्ती त्याला आयुष्यभर पुरली.

"झिगा! धावत ये, माझं डोकं सूपात पडलंय!" त्याने खिडकीतून शेजाऱ्याला हाक मारली.

झिगाही त्याच संघातला, फोटोत त्याच्या शेजारी उभा. "सकाळी सकाळी कितवा पेला रे?" म्हणत तो आला आणि पातेल्यावर वाकला.

"हे बघ, नाक!"

"गाजर आहे ते."

"मग हा डोळा."

"तेलाचा थेंब! नीट ढवळ की, गाढवा!"

डोकं सापडलं ते कोंबडीच्या पंखाखाली. इस्त्रीने वाळवलं तर आक्रसलं. कणकेने चिकटवलं तर तिरकं बसलं.

झिगा मान वाकडी करून बघत राहिला. "आता तू माझ्या काखेत डोकावतोयस. त्यापेक्षा गेझालाच राहू दे. किती गोड हसतोय!"

"तिला गेझा दिसता कामा नये!" बेनेदेकचा आवाज चिरकला.

"कोण दिसता कामा नये?" दारातून पिरोश्काने विचारलं.

झिगाला एकाएकी घरची कामं आठवली. बेनेदेक फोटो पाठीमागे धरून उभा राहिला, छाती पुढे, पोट आत. त्याच्या कोपरावरून कणीक ओघळत होती. पिरोश्काने हात पुढे केला आणि फोटो काढून घेतला.

"कणीक कसली लावतोस? अंड्याचा पांढरा बलक लागतो याला." तिने शिवणाच्या डब्यातली बारीक कात्री आणली, डोक्याच्या कडा सारख्या केल्या, बलक लावला आणि अंगठ्याने दाबलं. डोकं जिथल्या तिथे बसलं.

"तुला... तुला कसं गं जमतं हे?"

"लग्नाआधी स्टुडिओच्या मागच्या खोलीत हेच तर करायचे मी. हे डोकं माझ्याच हातचं आहे, वेड्या. काचेत फोटो लावला तोही मीच."

"आणि खांदे?"

"गेझाचे खांदे समोर उघडेच होते की. मी बघत बसले होते ते तुझ्याकडे. एवढंसं डोकं तळहातावर घेऊन फुंकर घालत होते. उडून जाईल म्हणून जीव नुसता वरखाली होत होता."

बेनेदेक मटकन खुर्चीत बसला. डोळे भरून आले होते. त्याने एक लांब सुस्कारा सोडला आणि त्यासरशी पोटही सुटलं. सदऱ्याचं बटण उडून टण्णकन पातेल्यावर आपटलं.

"सुटलं एकदाचं," पिरोश्का म्हणाली. "चाळीस वर्षं वाट बघतेय मी. ये, जेवून घे आता."