बेचाळीस इंची वासुदेवराव

“अज्जा, तुम्ही मरणार केव्हां?”

श्रीरंजनीने हे विचारलं तेव्हा वासुदेवराव ताकभात खात होते. घास हातातच राहिला. प्रश्न तिचाच होता, पण विचारायची पैज कीर्ति आणि लक्ष्मीप्रिया या वर्गमैत्रिणींनी लावली होती. डबा खाताना ती त्यांना म्हणाली होती, आमच्या घरात अज्जांचा रोग दूधवाल्यालासुद्धा ठाऊक आहे, फक्त अज्जांना सांगायचं नाही. त्यावर लक्ष्मीप्रिया म्हणाली, “मग तूच विचार. आहे धैर्य?” आता, नुकतंच वक्तृत्वात पहिलं बक्षीस मिळालेल्या अकरावीतल्या मुलीला कुणी असं विचारतं का? तिने विचारलं!

वासुदेवराव तिच्या वडिलांचे काका. तिरुनीलक्कुडीच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, मेलकावेरीच्या घरात पुतण्याजवळ राहणारे. त्यांनी तो घास तोंडात घातला, नीट चावला आणि गिळला.

“दीपावळी,” ते म्हणाले. “डाक्टर तुझ्या आप्पाला सांगत होता. मी पडद्याच्या अलीकडे होतों. पडदा कापडाचा असतो, पोरी. भिंत नव्हे.”

“मग तुम्ही कोणाला बोललांत कां नाही?”

“तुझी अम्मा रोज म्हणते, वायु झालाय, ओवा खा. तिला तेवढंच समाधान. मी पण खातों ओवा.”

“भीति वाटते?”

“मरणाची नव्हे. थंडीची.”

कुंभकोणमात थंडी! त्या जुलैत पंखा बंद करणाऱ्याशी घरात अबोला धरला जात होता. पण वासुदेवरावांच्या अंगात आता ऊब उरत नव्हती. साठ वर्षं ते रोज सकाळी अंघोळ करून, रेशमी सोवळं नेसून, उघड्या अंगाने देवापुढे दीड तास बसत आले होते. आता दहा मिनिटांत दात वाजायला लागत. महिनाभर पूजा श्रीरंजनीचे वडील रघुनंदन मोबाइलवरून मंत्र वाचून करत होते, आणि मध्ये फोन आला की देवाला थांबवून ठेवत.

“तेवढं एक होतं,” अज्जा म्हणाले. “आपली पूजा शेवटपर्यंत आपण करावी. मग तो दीपावळीला नेवो नाहीतर आदल्या दिवशीं.”

“शर्ट घालून बसा कीं!”

“शिवलेलं सोवळ्याला चालतं काय?”

“शाल?”

“निरांजनांत जाते. परवां पेटलों असतों. डाक्टरचा हिशेब चुकला असता.”

श्रीरंजनी विचार करू लागली. ती विणत असे. अम्मा विणत असे. “अज्जा, विणलेलं चालेल? विणलेलं म्हणजे शिवलेलं नव्हे. एकच दोरा. शिवण नाही.”

वासुदेवरावांनी दोन दिवस विचार केला आणि निर्णय दिला. “निषेध नाही. शास्त्र लिहिणाऱ्यांनी स्वेटर पाहिला नव्हता. पण रेशमाचा पाहिजे. लोकर चालते, पण टोचते. जाता जाता खाजवत कां बसूं?”

मेलकावेरीत या मायलेकींशिवाय विणणाऱ्या आणखी चार बायका होत्या आणि चौघींचीही नातवंडं थंडीच्या देशात होती. त्यांची म्होरकी शेजारच्या सुब्बलक्ष्मी अक्का. त्यांच्याजवळ सुनेने परदेशातून आणलेलं विणकामाचं जाडजूड पुस्तक होतं. त्यातला एकही नमुना त्यांनी छापल्याप्रमाणे विणला नव्हता. पुस्तकात टोपी असली की त्यांचा मोजा होई.

पान चौऱ्याऐंशीवर पुरुषाचा स्वेटर सापडला. पुढचा भाग विणा, मागचा विणा, दोन बाह्या विणा आणि शिवा. “शिवा हा शब्दच काढून टाक,” अक्का म्हणाल्या. गोल सुईवर खालून वर, नळीसारखं विणत जायचं; काखेपाशी बाह्या जोडायच्या, गळ्याशी संपवायचं. टाक्यांची सगळी आकडेमोड नवीन. रेशीम दारासुरमचे विणकर नटराज यांच्याकडून आलं: साड्यांच्या मागावर उरलेले दोरे, डाळिंबी, पोपटी, हळदी. आठ-आठ पदर एकत्र करून, टोकाला टोक जोडून गुंडे झाले. आधी चौकोन विणून, धुऊन, मोजून पाहा, असं पुस्तकात ठळक छापलं होतं. “लोकरीसाठी लिहिलंय तें,” असं म्हणून अक्कांनी पान उलटलं.

विणायचंही सोवळ्यात. म्हणजे अंघोळ करून, ओल्या केसांनी, कुणाला न शिवता. आप्पांनी हातात चहा दिला की पुन्हा अंघोळ. महिन्यातले चार दिवस काम बंद. “डाक्टरला सांगा, तेवढे चार दिवस धरूं नको,” अज्जा म्हणाले.

ऑगस्टमध्ये स्वेटर झाला! अज्जांच्या शर्टाच्या मापाने बरोबर बेचाळीस. त्यांनी तो घातला आणि आत हात घालून स्वतःला शोधू लागले. शर्ट बेचाळीसचा होता, पण तीन वर्षांपूर्वीचा. श्रीरंजनीने टेप लावली. सदतीस.

“माणसाला मापलं नाहीस?” अक्का ओरडल्या.

“पुस्तकांत लिहिलंय, आवडीचा शर्ट मापा.”

“आमचा शर्ट मेला नाही ना,” अज्जा म्हणाले. “तो ठणठणीत आहे.”

उसवला. पुन्हा टाके घातले, सदतीसच्या हिशेबाने. या वेळी सप्टेंबरच्या मध्याला झाला आणि उत्तम झाला. जयलक्ष्मी म्हणजे श्रीरंजनीची अम्मा मायाळू बाई. लेक शाळेत गेल्यावर तिने तो धुतला आणि गच्चीवर तारेला टांगला. लोकर आखडून घेते. रेशमाला तशी अक्कल नसते. संध्याकाळी श्रीरंजनी आली तेव्हा कमरेपर्यंतचा स्वेटर गुडघ्यापर्यंत पोचला होता आणि अजून पाणी गळत होतं.

अम्मा रडली. अज्जांनी तो अंगाला लावून पाहिला. दरम्यान ते चौतिसांवर आले होते. “मी आटतों, हा वाढतो,” ते म्हणाले. “दोघांपैकी एकाला थांबवा.”

मग बैठक बसली. अज्जांच्याच खोलीत, कारण पंखा फक्त तिथे बंद होता आणि कागद उडत नव्हते. सुब्बलक्ष्मी अक्कांनी कॅलेंडरच्या मागे आकडे मांडले.

“चार आठवड्यांत तीन इंच. म्हणजे आठवड्याला पाऊण. आपण आतांचं माप धरलं तर विणून होईपर्यंत चुकतं. पुढचं धरायचं. दीपावळीला सात आठवडे. म्हणजे… साडेपांच इंच.”

“अय्यो अक्का, त्यांच्यासमोर काय बोलतां!” अम्मा कुजबुजली. मग मोठ्याने म्हणाली, “वायु उतरला कीं माप पण उतरतं, काका.”

“सवापांच,” पलंगावरून आवाज आला. “पाऊण साते सवापांच. पाउणकी विसरलांत काय? चौतिसांतून सवापांच गेले, पावणेएकोणतीस.”

श्रीरंजनीची पेन्सिल थांबली. कोपऱ्यात ओव्याची बाटली होती, अम्मा तिच्याकडे बघत राहिली.

“तीस धरूं,” शेवटी अक्का म्हणाल्या. “थोडा ढिला बरा.”

तीसचा स्वेटर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाला. सपाट पसरून वाळवला. श्रीरंजनीला तो हातात धरवेना, इतका लहान. सातवीतल्या मुलाचा वाटत होता. आणि त्याच आठवड्यात डाक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या.

अज्जा फुगले. गाल वर आले, पोट पुढे आलं. “बघा, अंग भरलं कीं नाही!” अम्मा शेजारीपाजारी सांगत सुटली. दूधवाल्याने अभिनंदन केलं. श्रीरंजनीने अज्जांच्या पावलावर बोट दाबून पाहिलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला. टेप लावली. अडतीस.

“तरी घाल,” अज्जा म्हणाले. “ताणेल. मी चौथ्याची वाट बघत बसणार नाही.”

शुक्रवारी सकाळी अंघोळ झाली, सोवळं नेसलं. श्रीरंजनी आणि अक्का, दोघीही सोवळ्यात, अज्जांच्या अंगात स्वेटर घालू लागल्या. हात बाह्यांत गेले. डोकं आत गेलं. आणि खांद्यापाशी सगळं अडलं. ना खाली, ना वर. दोन्ही हात आकाशाकडे, मध्ये डोकं नाही, फक्त डाळिंबी-पोपटी बोचकं.

“ओढ गे!”

“ओढतेच कीं! अज्जा, श्वास सोडा!”

“थोडाच उरलाय,” बोचकं म्हणालं, “पुरवून वापरतों.”

आतून हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबेना. रघुनंदन मोबाइल घेऊन धावत आले, “काय चाललंय हें!” म्हणाले आणि सोवळ्यामुळे उंबऱ्यापाशीच थबकले. अम्माने कात्री आणली.

“कापूं नको!” बोचकं खोकत ओरडलं. “कापलं तर शिवावं लागेल!”

“जीव जाईल, काका!”

“तो जाणारच आहे, जयलक्ष्मी! दीपावळीला! मला ठाऊक आहे!”

कात्री अम्माच्या हातातच राहिली. ओव्याचा आता काही उपयोग नव्हता, हे खोलीतल्या प्रत्येकाला एकदमच कळलं.

श्रीरंजनीने गळ्यापाशी दोऱ्याचं टोक शोधलं. शेवटची गाठ सोडली आणि ओढलं. एकच दोरा, गोल विणलेला. तो गोलच सुटत होता. ती दोरा ओढत अज्जांभोवती फिरू लागली. एक फेरा, दोन, दहा, वीस. अक्का मागून गुंडाळत चालल्या. उंबऱ्यावर आप्पांनी नकळत हात जोडले. गळा सुटला, टक्कल दिसलं, कपाळ दिसलं, डोळे दिसले. शेवटी तोंड बाहेर आलं आणि त्याने मोठा श्वास घेतला. काखेपाशी दोन्ही बाह्या सुटून फरशीवर पडल्या. उरली फक्त नळी, खांद्यांना आवळून बसलेली, वर सगळे टाके उघडे.

श्रीरंजनी घाईघाईने ते टाके सुईवर घ्यायला लागली. सहा निसटले. निसटलेले टाके सरसर खाली धावत गेले, जिथून गेले तिथे जाळी पडली, नळी सैल झाली, आणि हळूच घसरून अज्जांच्या छातीवर, पोटावर येऊन बसली. मापात! कुठे आवळत नव्हती, कुठे लोंबत नव्हती.

“थांब,” अज्जा म्हणाले. त्यांनी छातीवरून हात फिरवला. “ऊब आहे.”

“अज्जा, टाके उघडेच आहेत. सुई सोडली तर उसवेल.”

“मग सोडूं नको. ये, मागे बैस.”

ते देवापुढे बसले. श्रीरंजनी मागे बसून सुई सांभाळत राहिली, गुंडा तिच्या मांडीवर. ते पुढे वाकले की ती वाकायची, ते फुलं घ्यायला उजवीकडे झुकले की तीही झुकायची. मंत्र मध्ये मध्ये श्वासासाठी थांबत होता आणि पुढे जात होता. एक तास दहा मिनिटं. दात वाजले नाहीत. आप्पांचा फोन वाजला आणि त्यांनी तो बंद केला. अम्मा भिंतीला टेकून बसली होती, कात्री अजून हातात, आणि डोळे पुसायला तिला दुसरा हात सापडत नव्हता.

आरती झाल्यावर नळी अलगद डोक्यावरून काढली, सुईसकट. अज्जा झोपायला गेले. अक्का म्हणाल्या, “बंद करून टाक आतां वरचे टाके. दहा मिनिटांचं काम.”

“हो गे,” अम्मा म्हणाली. “पुरा कर आणि मोकळी हो. सोमवारपासून परीक्षा आहे.”

श्रीरंजनीने नळी मांडीवर पसरली. जाळीच्या सहा रेघा मोजल्या. मग मान वर केली.

“अम्मा, आप्पा, ऐका. उद्यांपासून रोज पांचाला उठून, अंघोळ करून, मी अज्जांना मापणार. सुजले असले तर टाके सोडीन, वाळले असले तर सोडलेले उचलीन. परीक्षेच्या दिवशीं देखील. पूजा होईपर्यंत मागे सुई धरून बसणार, मग शाळा.”

“सेरी, बरं,” आप्पा म्हणाले. “आणि हा पुरा कधीं करणार?”

“नाही करणार,” श्रीरंजनी म्हणाली. “हा स्वेटर मी पुरा करणार नाही.”