आधी कढई, मग विळा

तुमची कढई गॅसवर तापल्याशिवाय बाबीतात्या भाजी कापत नसत. आईने खिडकीतून माठ मागितला की खालून मालवणीत विचारणा व्हायची, "वैनी, कढई तापली काय?"

"ठेवतेच आहे."

"मगे माठ जमिनीतच बरो."

आमच्या चारकोपच्या इमारतीमागे तात्यांचे सहा वाफे होते. मासे पाळायच्या टाकीच्या जुन्या नळ्यांना भोकं पाडून त्यांनी ठिबक केलं होतं. बाजारात जाणारा माठ मुळासकट उपटतात, नाहीतर तो वाटेतच मान टाकतो. तात्यांचा माठ जिन्यापुरताच प्रवास करायचा, म्हणून ते नुसते शेंडे कापत. आठवड्यात पुन्हा फुटवे. एका पेरणीत चार-चार कापण्या निघत. बीही त्यांनी अशा नाजूक पानांच्या जातीचं निवडलेलं, की तो माठ कुठला व्यापारी हातात धरणार नाही. इमारतीच्या फोनवरच्या ग्रुपवर त्यांचे हुकूम येत: "तिसऱ्या मजल्याक मेथी नाय. गेल्या खेपेची फ्रीजात ठेवलेली."

मी भारावून पत्रक छापलं, 'पिकवणारा आणि खाणारा यांच्यात तिसरा नको!' तात्यांनी ते चष्मा लावून वाचलं. "बरा लिवलंस रे. मीठ जरा जास्त पडला."

मग सोसायटीने त्या जागेवर पार्किंग करायचं ठरवलं. सभेत मी घसा फोडून बोललो. तीन वर्षं तो माठ खाल्लेल्यांनीच पार्किंगसाठी हात वर केले. तात्या गप्प बसून होते. मला त्यांचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तक्रारअर्जावर त्यांची सही घ्यायला खोलीवर गेलो. ओट्यावर शेगडी होती, तिला सिलिंडरच जोडलेला नव्हता. तात्या टपरीवरून आणलेल्या चहात पाव बुडवून खात होते.

"तुमच्याकडे भाजी नाही करत?"

"एकट्याक कित्याक? ती गेल्यापासून चूल पेटवूकच नाय."

मी अर्ज पुढे केला. त्यांनी तो हळूच मागे सारला.

"भाजी तुमका खंय पण मिळात रे. मी आपलो इचारी, आज काय शिजता. सगळी खिडकीत येऊन सांगत."

मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आवशीन आज काय रांधल्यान?"

मला सांगता आलं नाही. मी सकाळपासून सह्या गोळा करत फिरत होतो.