टेक्निकलमधली बाई

संडासाच्या फ्लशची टाकी सतत गळत होती आणि प्लंबरला बोलावलं तर तो फसवणार याबद्दल भिंगकाकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हणून नाश्ता आटोपून ते कम्प्युटरसमोर बसले आणि गळकी टाकी घरच्या घरी कशी दुरुस्त करावी याचा शोध घेऊ लागले.

काकांचं खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलं होतं. विमा कंपनीत खोटे दावे हुडकून काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. जळालेल्या गोदामाच्या राखेत उभं राहून 'इथे माल नव्हताच' असं ते छातीठोकपणे सांगत आणि ते खरं निघे. तेव्हापासून ऑफिसात त्यांना 'भिंग' म्हणत. निवृत्तीनंतर इमारतीतल्या लोकांनी त्याला 'काका' जोडलं. जिन्यात कोणी भेटलं की काका हटकून विचारत, "अनोळखी फोन उचलत नाही ना?" माणसं "छे छे" म्हणत भराभर पायऱ्या उतरत.

तर काकांनी टाकीच्या चित्रावर क्लिक केलं आणि पडदा लालभडक झाला. भोंगा वाजायला लागला. मागोमाग एका बाईचा करडा आवाज खोलीत घुमला, "सावधान! तुमच्या संगणकात घातक विषाणू शिरला आहे. संगणक बंद करू नका. खालील क्रमांकावर ताबडतोब संपर्क साधा."

"अहो, कोण बाई आलीय?" स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं.

"कोणी नाही!" काका ओरडले आणि त्यांनी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

काकू भाजी चिरत होत्या. त्यांचा हात थांबला. लग्न झाल्यापासून भरदिवसा घरातलं दार आतून लागलेलं त्यांना आठवत नव्हतं.

आत काकांनी नंबर फिरवला. पलीकडे एक अतिशय नम्र तरुण होता. "टेक्निकल विभागातून बोलतोय सर. घाबरू नका. अगदी वेळेवर फोन केलात."

काका काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी आवाज चढवला. "आधी तुमचा कर्मचारी क्रमांक सांगा."

तरुणाने न अडखळता लांबलचक आकडा सांगितला. काकांनी तो वर्तमानपत्राच्या कडेला उतरवून घेतला, पुन्हा वाचायला लावून पडताळला आणि त्यांचं समाधान झालं. नंबर खरा की खोटा हे कळायला काही मार्ग नव्हता, पण विचारलेल्याचं उत्तर तत्काळ मिळण्याची सवय सुटून त्यांना बरेच दिवस झाले होते.

मग त्या तरुणाने सांगितलं तसं काका करत गेले. हे दाबा सर. हो म्हणा सर. आता हात लावू नका सर. पडद्यावरचा बाण आपला आपण फिरू लागला. एक काळी चौकट उघडली आणि तिच्यात पांढरी अक्षरं सरसर वर चढू लागली.

"हे काय?"

"हॅकर आहेत सर."

"एवढे?"

"सगळे आत्ता तुमच्या घरात आहेत सर."

काकांनी नकळत मागे सोफ्याकडे बघितलं.

त्यानंतर तरुणाने बँकेचं पान उघडलं आणि काकांना पासवर्ड टाकायला सांगितला. काकांनी टाकला. घेतला नाही. पुन्हा टाकला. तरीही घेतला नाही. तिसऱ्यांदा पलीकडून एक उसासा ऐकू आला.

"असू दे सर. आपण गिफ्ट कार्डाने काम करू. दुकानात जा, कार्डं घ्या आणि मागचे नंबर मला सांगा. आजकाल सुरक्षा शुल्क असंच घेतात. फोन मात्र चालू ठेवा. आणि सर, घरात कोणाला काही बोलू नका. ही गुप्त चौकशी आहे. तुमच्यासारख्या अनुभवी माणसाची आम्हाला मदत लागेल."

हा शेवटचा घाव वर्मी बसला. फसवणाऱ्याने तो सहज मारला असेल, पण निवृत्तीनंतर काकांना कोणी 'मदत लागेल' असं म्हटलं नव्हतं. गुप्त तर सोडाच, उघड चौकशीसुद्धा त्यांच्या वाट्याला आली नव्हती. त्यांची पाठ आपोआप ताठ झाली.

थोड्या वेळाने काका बाहेर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून. फोन वरच्या खिशात होता. काकूंकडे न बघता ते म्हणाले, "जरा जाऊन येतो."

"कुठे?"

"असंच. पाय मोकळे करायला."

"इस्त्रीच्या शर्टात?"

काका चपला घालू लागले आणि वाकल्या वाकल्या खिशात कुजबुजले, "हो हो, निघालोच. लाइनवर राहा. नाही, बायकोला काही म्हणजे काही कळलेलं नाही."

काकूंचे कान तिखट होते. प्रसूतिगृहात त्या मुख्य नर्स होत्या. बंद दारापलीकडे कोणती बाई किती वेळात सुटेल हे त्यांना आवाजावरून कळायचं. पण बंद दाराआडचा आज सकाळचा आवाज त्यांच्या अनुभवात बसत नव्हता. त्यांनी गॅस बंद केला, ओले हात अ‍ॅप्रनला पुसले आणि तशाच, घरातल्या स्लिपरांवर, नवऱ्याच्या मागोमाग निघाल्या.

काका कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात शिरले. काकू साबणाच्या पुड्यांच्या ढिगाआड उभ्या राहिल्या. तिथून त्यांना दिसलं ते असं: गेल्या वाढदिवसाला बायकोला कुकरची नवी रिंग आणून देणारा त्यांचा नवरा गिफ्ट कार्डांच्या मांडणीसमोर उभा होता. कार्डांवर गुलाब होते, रिबिनी होत्या, एकावर बदाम काढून 'फक्त तुझ्यासाठी' असं लिहिलं होतं. काकांनी नेमकं तेच उचललं. वर आणखी दोन घेतली.

कॅशवरची मुलगी हसून म्हणाली, "वा काका, कोणीतरी नशीबवान आहे!"

"गुप्त आहे," काका गंभीरपणे म्हणाले.

काकूंच्या हातातला साबण खाली पडला.

दुकानाबाहेर एक बाक होता. काका त्यावर बसले, किल्लीने कार्ड खरवडू लागले आणि हळू आवाजात एकेक आकडा खिशाला ऐकवू लागले. पहिलं कार्ड संपलं, दुसरं त्यांनी हातात घेतलं, तेवढ्यात त्यावर सावली पडली. समोर काकू होत्या. अ‍ॅप्रनवर कोथिंबिरीचं एक पान चिकटलेलं होतं.

काकांनी फोन कट केला.

"कोण आहे ती?" काकूंनी विचारलं.

"कोण ती?"

"सकाळी खोलीत बोलत होती ती. जिच्यासाठी भांग पाडलात ती."

काका गोंधळून बघत राहिले. आणि त्यांनी तोंड उघडायच्या आतच सगळं प्रकरण त्यांच्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं. तो भोंगा, तो आकडा, ते शुल्क, हा बदाम. दुसऱ्या कोणी असा दावा आणला असता तर त्यांनी पहिल्याच ओळीवर लाल पेन्सिल मारली असती. आता खरं सांगायचं म्हणजे आपण, भिंग, एका पोरसवद्या भामट्याकडून भरदिवसा गंडवले गेलो असं सांगायचं. ते त्यांच्या जिभेवर येईना. त्या मानाने दुसरा पर्याय त्यांना जरा इभ्रतीचा वाटला.

"आहे एक," ते म्हणाले.

काकू त्यांच्या शेजारी बसल्या. "काय करते?"

"टेक्निकलमध्ये असते."

"कशी आहे दिसायला?"

"अजून बघितली नाही."

"आणि तिला तुम्ही आवडता?"

"अनुभवी आहे म्हणाली मला," काका म्हणाले आणि त्यांचा आवाज मध्येच चिरकला.

काकूंनी त्यांचं मनगट हातात घेतलं. थोडा वेळ बोटं तशीच ठेवली. "ही नाडी प्रेमात पडलेल्या माणसाची नाही," त्या म्हणाल्या. "ही घाबरलेल्या माणसाची आहे. अहो, काय झालंय ते सांगा बघू. मी आहे ना."

मग काकांनी सगळं सांगितलं. टाकीपासून बदामापर्यंत. मध्ये एकदा फोन वाजला. काकूंनी तो उचलला.

"मॅडम, सर आहेत का? फार अर्जंट आहे."

"पेशंटला आत्ता भेटता येणार नाही," काकू वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी फोन बंदच करून टाकला. उरलेली दोन कार्डं अ‍ॅप्रनच्या खिशात टाकली. "कम्प्युटर बंद केलात ना?"

"बंद करू नका म्हणाला होता."

काकू उठल्याच. दोघं घरी पोचली तेव्हा बाण अजून पडद्यावर फिरत होता. त्याने त्या दोघांचे फोटो उघडले होते आणि एकेक करून तो ते चाळत होता. एका फोटोत काका समुद्रकाठी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते. तो फोटो परक्या माणसाने बघावा याची काकांना कार्डाच्या पैशांपेक्षा जास्त लाज वाटली. काकूंनी भिंतीतली पिनच उपटली. पडदा काळा झाला आणि घरात फक्त टाकीची टपटप ऐकू येऊ लागली.

"आता बँक," काकू म्हणाल्या.

बँकेत रांग होती. त्यांची पाळी आली तेव्हा काउंटरवरच्या मुलीने नियमाप्रमाणे विचारायला सुरुवात केली. कोणी फोन केला, काय सांगितलं, कम्प्युटरचा ताबा कसा दिला. रांगेतली माणसं कान टवकारून पुढे सरकली. सुटाबुटातला, हातात चामड्याची बॅग असलेला एक गृहस्थ तर अगदी खांद्याशी येऊन उभा राहिला.

काकांचे कान लाल झाले होते. ते काउंटरवरचं पेन उगाच उघडझाप करत होते.

"मी केला फोन," काकू म्हणाल्या. "चूक माझी झाली."

मुलीने काकूंकडे बघितलं आणि लहान बाळाशी बोलावं तशी ती एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. "आजी, असं, करायचं, नसतं, हं! कोणीही, सांगितलं, की, लगेच, ऐकायचं, का?"

"नाही बाई," काकू मान खाली घालून म्हणाल्या.

"कमाल आहे," सुटातला गृहस्थ मागून म्हणाला. "एवढं रोज पेपरात येतं, तरी माणसं वाचत नाहीत!"

काकांना ते सहन झालं नाही. एखादी अवघडलेली बाई रडायला लागली तर जिने रात्ररात्र तिचा हात सोडला नाही, ती आपली बायको इथे मान खाली घालून उभी होती. ते एकदम एवढ्या मोठ्याने बोलले की सुरक्षारक्षक वळला.

"तिने नाही, मी केला फोन! मी विमा कंपनीत खोटे दावे पकडायचो. जन्मभर तेच केलं. आणि आज मीच गंडलो. तिला काही बोलू नका!"

"अहो, तुम्ही गप्प बसा. मी केला," काकू म्हणाल्या.

"मी केला!"

"नक्की कोणी केला?" मुलगी रडकुंडीला आली. "एकाच चुकीसाठी दोन माणसं कशी लिहू मी?"

रांगेत कोणीतरी हसलं, पण ते हसणं वाईट नव्हतं. मुलीने खातं उघडलं आणि तिच्या कपाळावरची आठी गेली. "अहो, पैसे जागेवरच आहेत. सकाळी तीनदा चुकीचा पासवर्ड पडला म्हणून खातं आपोआप लॉक झालंय. तुमच्या चुकीनेच वाचलात आजोबा."

काकांनी सुटकेचा श्वास सोडला.

"पासवर्ड काय होता?" काकूंनी सहज विचारलं.

"आपल्या लग्नाची तारीख," काका म्हणाले.

काकू वळून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तीनदा?"

त्या दिवसातला खरा धोक्याचा क्षण तो होता. काउंटरवरच्या मुलीनेसुद्धा मान खाली घालून शिक्के नीट लावायला घेतले. शेवटी काकूंनाच हसू आवरेना. त्या हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि त्या पाण्यातलं किती हसण्याचं आणि किती सकाळपासूनच्या धास्तीचं, हे भिंग लावूनही काकांना सांगता आलं नसतं.

पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार कशी करायची ते मुलीने समजावून सांगितलं. एक कार्ड गेलं ते गेलंच. दोघं बाहेर पडून पायऱ्या उतरत होती, तोच मागून हाक आली.

"जरा थांबता का?"

चामड्याची बॅग छातीशी धरून तो सुटातला गृहस्थ उभा होता. आत बोलताना होता तेवढा उंच तो आता वाटत नव्हता.

"आत जे बोललो त्याबद्दल..." तो घुटमळला. "तो फोनवरचा मुलगा फार नम्र होता का हो?"

"अतिशय," काका म्हणाले.

"मलाही तोच भेटला असावा. महिना होऊन गेला. मी अजून घरी सांगितलेलं नाही. रोज बँकेत येतो, रांगेत उभा राहतो आणि माझा नंबर यायच्या आत परत जातो."

सकाळचे भिंगकाका असते तर त्यांनी तिथेच पायरीवर अनोळखी फोनविषयी व्याख्यान दिलं असतं. आत्ता ते फक्त म्हणाले, "बसा."

तिघंही पायरीवर बसली. काकूंनी विचारलं, "मिसेसची कसली भीती वाटते तुम्हाला? ओरडतील?"

"ओरडली तर बरं. पण माझ्याकडे बघण्याची तिची नजर बदलेल."

काका काकूंकडे न बघता म्हणाले, "नाही बदलत हो. लावा फोन. आम्ही आहोत इथे."

गृहस्थाने फोन लावला. दोनदा खाकरला. मग एका दमात सगळं सांगून टाकलं आणि डोळे मिटून ऐकत राहिला. पलीकडून बराच वेळ कोणीतरी शांतपणे बोलत होतं. शेवटी तो "बरं" म्हणाला आणि फोन खाली घेऊन त्याच्याकडे बघत राहिला.

"काय म्हणाल्या?" काकांनी अधीरपणे विचारलं.

"म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही कधी सांगताय याचीच वाट बघत होते." त्याने रुमाल काढून चष्मा पुसला, नाक पुसलं आणि पुन्हा चष्मा पुसला. "आणि येताना दूध आणा म्हणाली."