हिरूकाकीचं खोटं दुखणं

लग्न होऊन मी मनोरकडनं उमरोळीला आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी भाकऱ्या थापत होते नि शेजारच्या घरातनं ओरडणं आलं, "आई गोऽऽ, मेले गो, पोटात कापतंय गो!" मी पिठाच्या हातांनीच धावले, चप्पल बी नाय घातली. नवी नवरी मी, माझ्या पायगुणानं शेजारीण गेली तर सासू ठेवते काय मला घरात? आत बघते तर हिरूकाकी ओट्यावर बसून सुकट निवडते. हात सुकटीत, तोंड छताकडं, नि कण्हते. मला बघून थांबली.

"बस गो," बोलली. "उद्या माझं अपेंडिक्स हाय. सराव करते."

मग सासूनं सांगितलं. पालघरला हॉस्पिटलात पोरींना नर्सचं शिकवतात, त्यांच्या परीक्षेला एक खोटी पेशंट लागते, ती हिरूकाकी. कधी तिला दमा असतो, कधी साप चावतो. साठीची बाई, केस पांढरे, नि एकदा तर बाळंत झाली, जुळं! पोरी तिला तपासतात नि मागनं ती मोठ्या सिस्टरला सांगते, कुठली पोरगी पास, कुठली नापास. हात धुतले काय, नाव विचारलं काय, दुखतं तिथं दाबायच्या आधी सांगितलं काय. रबराची बाहुली बी हाय तिथं, बाळ म्हणून. तिला बी काकी मांडीवर घेऊन "माझ्या सोन्या" करते बोलतात.

तिथलं तिथं ठेवलं असतं तर माझं काय जात होतं? पण ती गावभर पास-नापास करत फिरते. बोईसरच्या बाजारात वडेवाल्याला बोलली, "नाक पुसलंस नि त्याच हातानं पाव उचललास. नापास." भटजींनी तीर्थ दिलं तर त्यांची नखं बघितली. सासू हसून लोळते. माझा नवरा तारापूरच्या कंपनीतनं दमून येतो, माझ्याशी दोन शब्द बोलायला त्याला जड, पण काकी दिसली की, "काय काकी, आज कसली बिमारी?" मी कधी शिंकले तरी घरात कोण मान वर करत नाय. तिच्या खोट्या खोकल्याची सगळ्यांना चौकशी.

माझ्या पोरीच्या बारशाला तर हद्द केली. दारात बादली नि साबण घेऊन बसली, हात धुतल्याशिवाय पाळण्याजवळ कोणाला सोडेना. शिरगावची माझी नणंद, केवढी नटून आलेली, बोलली, "मी काय घाण हाय?"

"तू नाय गो, तुझ्या बांगड्या. मागं सार नि घास. असं नाय, बोटांच्या मधी. हां. पास, पण काठावर."

पोरीचं नाव काय ठेवलं ते कोणाच्या लक्षात नाय, साबण सगळ्यांच्या लक्षात. नि पोरगी माझ्या पोटची, माझ्याकडं किरकिर किरकिर, काकीनं घेतली की गप. मी काय करते चुकीचं? तसंच धरते मी बी, तसंच थोपटते. माझ्या छातीत अशी आग व्हायची की दूध आटंल वाटायचं. म्हणून मी सकाळ-सकाळ दार लोटून घ्यायला लागले, पोर झोपलीय बोलायचे. काकी दाराबाहेर जरा उभी राहायची नि जायची. तिचा मुलगा-सून सुरतला, फोनवर बोलतात, येत नायत. मला काय त्याचं, म्हणायचे मी.

मग एका दुपारी पोरगी दूध तोंडात धरेना. श्वास कसा, धावून आल्यासारखा, छाती आत ओढली जाते, नि डोळे अर्धे. नवरा कंपनीत, सासू शिरगावला. मीच पळाले काकीच्या दारात, ज्या दाराकडं बघत नव्हते त्याच. काकीनं झबलं वर करून बघितलं. वाटलं आता बोलंल, नापास, तू आई म्हणून नापास. ती फक्त बोलली, "चल." रिक्षात पालघरपर्यंत तिच्या तोंडातनं दुसरा शब्द नाय.

हॉस्पिटलात दारातच त्या शिकाऊ पोरी. काकीला बघून खूश झाल्या.

"अगो काकी आली! आज तर परीक्षा नाय!"

"दुपट्यात बाहुली काय काकी, निमोनियावाली? नि ही आई कुठनं आणली? बघ गो, काय मस्त घाबरते!"

एक उंच पोरगी तर समोर उभी राहून पाठ केल्यासारखं सुरूच झाली, "नमस्कार, मी तुमची नर्स, काळजी करू नका." सगळ्या हसतात. मला बोलता येईना. मी काकीकडं बघितलं, आता तरी ओरड गो, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडतेस ना! काकीनं तोंड उघडलं. आवाजच नाय. नुसते ओठ हलले.

आतनं मोठी सिस्टर आली, तिनं काकीचं तोंड बघितलं. "हसताय काय गो? काकी गप हाय! खरं हाय ते! उचला पोर!"

मग काय पळाल्या त्या. काकीला दारात थांबवलं, आत एकाच माणसाला सोडतात. पोर आता माझी एकटीची. हेच पायजे होतं ना मला? मी मागं वळून वळून दार बघत होते.

नाकाला नळी लावली, सुई टोचली, बऱ्याच वेळानं पोरगी रडली. चांगली कर्कश रडली. ओठ परत गुलाबी झाले. उंच पोरगी घाम पुसून मला विचारते, "सोबत कोण आलंय?" नि आपणच हसली. "हा प्रश्न आमी काकीला बी विचारतो, नियम हाय. ती दर वेळी बोलते, माझी शेजारची पोर हाय भायेर बसलेली, मनोरची, घाबरट हाय, तिला आधी पाणी द्या. मग आमाला जाऊन बघावं लागतं. बाकड्यावर कोण नसतं. आमी परत येऊन बोलतो, दिलं काकी पाणी. मग ती पुढचं कण्हते."

घाबरट बोलली मला! सगळ्या नर्सांसमोर!

"बोला ना, सोबत कोण?"

"माझी काकी हाय," मी बोलले. "भायेर बसलीय. घाबरट हाय. तिला आधी पाणी द्या."

पोरगी गेली. परत आली तेव्हा हसत नव्हती.

"दिलं पाणी. आधी विचारलं, ग्लास विसळलास काय. मग रडायला लागली ती. नि आमाला माहीतच नव्हतं, काकीचं खरं रडणं एवढं हळू हाय."