मास्तरांचा झाडू

दहाच्या ठोक्याला मास्तरांनी जाहीर केलं की नवीन सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवायला दहा मिनिटं पुरेत, अकराव्या मिनिटाला चहा. मास्तर हे त्यांचं ऑफिसातलं टोपणनाव, शिस्तीपायी पडलेलं. सर्व्हरवर काहीही बदलायचं तर आधी वहीत लिहा, हा त्यांचाच नियम. वही म्हणजे कॉम्प्युटरवरची एक फाईल, पण तिचा धाक मोठा. नियम मोडणाऱ्यांचा आपण कायमचा बंदोबस्त केलाय, असंही ते गेल्या महिन्यात म्हणाले होते. कसा, ते विचारायची कोणाची छाती झाली नव्हती.

आणि त्या दिवशी घाई खरीच होती. सॉफ्टवेअर तपासून सही करणाऱ्या ताईंची धाकटी बहीण सकाळीच बाळंतपणासाठी दवाखान्यात गेली होती. पहिलीच खेप, आई हयात नाही, आणि नवरा असा घाबरट की त्यालाच धरायला माणूस हवं. ताईंची बस दीडची. पण सही झाल्याशिवाय त्यांना उठता येईना.

"ताई, बाराला तुम्ही मोकळ्या," मास्तर म्हणाले.

सॉफ्टवेअर चढलं आणि लगेच आडवं झालं. जावा नावाच्या कॉम्प्युटर-भाषेत चालणाऱ्या या कारभारात सॉफ्टवेअर डेटाबेसला नावाने हाक मारतं आणि सर्व्हर आपल्या यादीत बघून दोघांची गाठ घालून देतो. इथे सर्व्हरने चक्क कळवलं, या नावाचं इथे कोणी नाही. मास्तर हसले. नाव यादीत घालायचं राहिलं होतं, एवढंच. त्यांनी ते घातलं, गाडी सुरू झाली. मग शिस्तीप्रमाणे सर्व्हर एकदा बंद करून चालू केला. नाव गायब.

पुन्हा घातलं, पुन्हा गायब. अकरा झाले, बारा वाजून गेले, मास्तरांचा पारा चढत गेला. डेटाबेस सांभाळणाऱ्या काकांना त्यांनी धारेवर धरलं, तर काकांनी शांतपणे दाखवलं की आपला डेटाबेस सकाळपासून जागचा हललेला नाही. मग मास्तरांची खात्रीच पटली की खोलीतलंच कोणीतरी नाव पुसतंय. त्यांनी सगळ्यांना खुर्च्या मागे घेऊन हाताची घडी घालायला लावली. नऊ जाणती, संसारी माणसं शाळेतल्यासारखी हाताची घडी घालून बसली आणि सर्व्हर चालू झाला. नाव गायब. आता श्वासही रोखून बघू का, असं काकांनी विचारलं.

ताईंचा फोन दर पाच मिनिटांनी थरथरत होता. पाऊण वाजता त्यांनी हलकेच विचारलं, "मास्तर, हे नाव वहीत लिहिलंय ना?"

"एवढ्याशा गोष्टीला वही कशाला? मीच तर घालतोय."

बोलता बोलता मास्तर थांबले. लोक वहीत न लिहिता परस्पर उद्योग करतात म्हणून वैतागून गेल्या महिन्यात त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. सर्व्हर चालू झाला की जे नाव वहीत नाही ते यादीतून बिनबोभाट काढून टाकायचं. कौतुकाने त्याला झाडू म्हणायचे. अडीच तास मास्तर नाव घालत होते आणि मास्तरांचाच झाडू ते झाडून टाकत होता.

त्यांनी हे सगळ्यांना सांगून टाकलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मास्तरांनी वहीत एक ओळ लिहिली, सर्व्हर चालू केला, नाव जागेवर. ताईंनी तपासून सही केली तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मास्तरांनी स्वतःच्या स्कूटरवरून त्यांना बसपर्यंत सोडलं आणि बस सुटताना खिडकीशी जाऊन म्हणाले, की चूक माझी होती, फार लाज वाटतेय मला.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप, आपण वेळेवर पोचलो, बाळाच्या बापाला मात्र दोनदा पाणी मारून उठवावं लागलं. मास्तरांचे डोळेच भरून आले.

"उद्या येतो बाळाला बघायला. नाव काय ठरलं?"

"घरात चार नावं चाललीत," ताई म्हणाल्या, "पण वहीत अजून एकही नाही. तोवर तुम्ही इकडे फिरकू नका."